धुराड्यातून उडून जाणारी वीज

शहाड, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हा आपला पट्टा कारखान्यांच्या आधाराने वाढला. खेड्यातील जातीचा जाच आणि दुष्काळ यांना कंटाळून मराठवाडा, विदर्भ, खानदेश, कोकणातून आलेल्या आपल्या कितीतरी कुटुंबांची पहिली चूल या कारखान्यांच्या पगारावर पेटली. कुणी रसायनांच्या कारखान्यात रिअ‍ॅक्टरवर, कुणी बॉयलरवर, कुणी भट्टीवर उभे राहिले. उष्णता म्हणजे काय हे आपल्या वडीलधाऱ्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. आठ-आठ तास ती त्यांनी अंगावर घेतली आहे.

याच उष्णतेविषयी आज थोडे बोलायचे आहे. जगात जे इंधन जाळले जाते, त्यातील निम्म्याहून अधिक ऊर्जा कोणत्याही कामी न येता उष्णतेच्या रूपाने हवेत व पाण्यात निघून जाते. धुराडे, तापलेले पाइप, गाडीचा सायलेन्सर, भट्टीची भिंत, सगळीकडून ती गळत असते. ही वाया जाणारी उष्णता पकडून तिची थेट वीज करता येईल का, या प्रश्नामागे जगभरातील शास्त्रज्ञ लागले आहेत. या विद्येला ‘थर्मोइलेक्ट्रिक’ म्हणतात. कोळसा जाळून, वाफ करून, चाक फिरवून वीज करणाऱ्या औष्णिक केंद्राशी तिची गल्लत करू नये. येथे वाफ नाही, चाक नाही, आवाज नाही. एका विशिष्ट पदार्थाची एक बाजू तापवायची, दुसरी थंड ठेवायची, की त्यातून वीज वाहू लागते.

दोनशे वर्षांपूर्वीचा शोध

ही करामत नवी नाही. १८२१ साली जर्मनीत थॉमस योहान सीबेक यांना असे दिसले की, दोन वेगवेगळ्या धातूंचे तुकडे टोकाला जोडून एक सांधा तापवला, तर जवळ ठेवलेली होकायंत्राची सुई हलते. सीबेक मोठे शास्त्रज्ञ होते. तरीही त्यांनी याचा अर्थ चुकीचा लावला. उष्णतेमुळे चुंबकत्व निर्माण होते, असे त्यांचे मत झाले. तारेतून वीज वाहते व त्या विजेमुळे सुई हलते, हा खरा अर्थ डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांनी लावून दाखविला. भगवान बुद्धांनी कालामांना दिलेला उपदेश आपण विहारात ऐकतो. सांगणारा मोठा आहे एवढ्यावरून काही मान्य करू नका, स्वतः तपासा, हा त्याचा आशय. विज्ञानाची वाटचाल अशाच तपासण्यातून झाली आहे.

पुढे १८३४ साली फ्रान्समध्ये झाँ पेल्तिए यांनी याच्या उलट गोष्ट शोधली. सांध्यातून वीज सोडली की, तो विजेच्या दिशेप्रमाणे तापतो किंवा थंड होतो. हे पेल्तिए मूळचे घड्याळांच्या धंद्यातले. तिशीपर्यंत घड्याळे करून मग ते विज्ञानाकडे वळले. आज आपल्या बाजारात कॉम्प्रेसर नसलेले छोटे फ्रीज आणि थंड पाण्याचे काही डिस्पेन्सर मिळतात. त्यांत जी चपटी पांढरी चौकोनी चकती असते, तिला दुरुस्ती करणारी मुले ‘पेल्टिअर’ म्हणतात. ते नाव याच घड्याळवाल्याचे.

आपल्या कारखान्यातले ‘थर्मोकपल’

अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतीत काम केलेल्या माणसाला ‘थर्मोकपल’ हा शब्द नवा नाही. रिअ‍ॅक्टरमध्ये किंवा भट्टीत जी सळई खुपसलेली असते आणि जिच्यामुळे पॅनेलवर तापमानाचा आकडा दिसतो, तेच थर्मोकपल. त्या सळईत दोन वेगळ्या मिश्रधातूंच्या तारा टोकाला जोडलेल्या असतात. टोक तापले की वीज निर्माण होते. ‘के टाइप’ थर्मोकपलमध्ये दर अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट, म्हणजे शंभर अंशांच्या फरकाला सुमारे ४ मिलिव्होल्ट. ही वीज मोजून यंत्र आपल्याला तापमान सांगते. काही गॅस ओव्हनमध्येही बर्नरजवळ असेच थर्मोकपल असते. ज्योत विझली की ते थंड होते, वीज बंद पडते आणि गॅसची झडप आपोआप मिटते. एवढीशी वीज, पण ती घरादाराचे रक्षण करते.

म्हणजे सीबेकचा शोध आपल्या लोकांनी वर्षानुवर्षे हाताळला आहे. फक्त त्याचे शास्त्र कुणी समजावून सांगितले नाही. सळई बदलणारा हात आपला आणि सळईचे शास्त्र जाणणारा दुसरा, ही कामाची विभागणी आपण किती पिढ्या चालू द्यायची?

अडचण कोठे आहे?

वाचक विचारतील, दोनशे वर्षांपूर्वी शोध लागला, मग प्रत्येक धुराड्यावर वीज का तयार होत नाही? अडचण पदार्थाची आहे. या कामाला असा पदार्थ हवा की, ज्यातून वीज सहज वाहते पण उष्णता वाहत नाही. उष्णता सहज पलीकडे गेली तर दोन्ही बाजू सारख्याच तापतील आणि वीज थांबेल. निसर्गात हे दोन गुण सहसा एकत्र नांदत नाहीत. तांबे घ्या, वीजही वाहते आणि उष्णताही. काच घ्या, दोन्ही अडतात.

संध्याकाळची अंबरनाथ लोकल डोळ्यांसमोर आणा. दारात एकाने रेटा दिला की तो माणसामागून माणूस करत पार पलीकडच्या दारापर्यंत जातो. जागचे कुणी हलत नाही, पण धक्का पोचतो. पदार्थातील अणू असेच दाटीने उभे असतात आणि उष्णता बरीचशी अशा धक्क्यांनी पुढे जाते. वीज मात्र गर्दीतून अंग चोरून सरकणाऱ्या एखाद्या किडकिडीत पोरासारखी असते. शास्त्रज्ञांना हवे आहे ते असे की, पोरगा सरकत राहावा आणि रेटा मात्र मध्येच जिरावा. त्यासाठी ते पदार्थात मध्ये मध्ये जड अणू बसवतात, अतिसूक्ष्म कण पेरतात, अणूंची रचना बदलतात. दर चार माणसांमागे एखादा भक्कम गडी पाय रोवून उभा केला, तर रेटा कसा विरून जाईल, तसेच.

पदार्थ या कामाला किती लायक आहे, याला एक गुणांक दिला जातो. त्याला ‘झेडटी’ म्हणतात. १९५० च्या दशकापासून जवळजवळ चाळीस वर्षे चांगल्यातल्या चांगल्या पदार्थांचा हा आकडा १ च्या आसपासच घुटमळत होता.

कोणी नेटाने काम केले?

या शास्त्राचा इतिहास वाचताना आपल्याला जवळची वाटावीत अशी माणसे भेटतात. रशियाचे अब्राम योफे हे त्यातले एक. धातूंऐवजी अर्धसंवाहक वापरले तर वीज पुष्कळ जास्त मिळेल, हे त्यांनी दाखवून दिले. जिथे वीज पोचली नव्हती अशा रशियन खेड्यांत १९५० च्या दशकात रॉकेलच्या दिव्यावर बसवायची उपकरणे गेली. दिव्याचा उजेड घरात आणि त्याच दिव्याच्या उष्णतेवर रेडिओ. योफे जन्माने ज्यू. १९५० साली ज्यूंच्या विरोधात वारे वाहू लागले तेव्हा, स्वतःच्या हातांनी उभ्या केलेल्या संस्थेच्या संचालकपदावरून त्यांना दूर व्हावे लागले. सत्तरीच्या उंबरठ्यावरचा हा माणूस रडत बसला नाही. त्यांनी अर्धसंवाहकांची वेगळी प्रयोगशाळा काढली आणि काम पुढे नेले. जन्मावरून माणसाला बाजूला सारणे म्हणजे काय, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

दुसरे नाव मिल्ड्रेड ड्रेसेलहाउस या विदुषीचे. १९३० साली न्यूयॉर्कमध्ये एका गरीब स्थलांतरित ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. लहानपणी त्यांनी कारखान्यातही काम केले. पुढे याच बाई अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत प्राध्यापक झाल्या. १९८५ साली तेथील ‘इन्स्टिट्यूट प्रोफेसर’ हे सर्वोच्च पद मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. चार मुलांच्या त्या आई. थर्मोइलेक्ट्रिकचे शास्त्र मरगळलेले असताना १९९३ साली त्यांनी आपले विद्यार्थी हिक्स यांच्यासह दाखवून दिले की, पदार्थ अतिशय पातळ थरांत घडवला तर झेडटीचा आकडा पुष्कळ वाढू शकतो. त्यानंतर जगभर या संशोधनाला पुन्हा जोर आला. २०१४ साली अमेरिकेतच कनात्झिडिस यांच्या गटाने टिन सेलेनाइड या पदार्थाच्या स्फटिकात सुमारे साडेसहाशे अंश सेल्सिअसला २.६ हा आकडा गाठल्याचे जाहीर केले.

आपल्या देशातील काम

या कामात भारत मागे नाही. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातील डॉ. कनिष्क बिस्वास आणि डॉ. उमेश वाघमारे यांच्या गटांनी, त्यांच्या विद्यार्थी-संशोधकांसह, २०२१ साली ‘सायन्स’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. चांदी, अँटिमनी आणि टेल्युरियम यांच्या संयुगात थोडे कॅडमियम मिसळल्याने अणूंची मांडणी अधिक शिस्तीची झाली आणि सुमारे ३०० अंश सेल्सिअसला झेडटी २.६ पर्यंत गेला. साडेसहाशे अंशांपेक्षा हे तापमान आपल्या कारखान्यांच्या बरेच जवळचे. त्याच वर्षी डॉ. बिस्वास यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. डॉ. वाघमारे हे आय.आय.टी. मुंबईचे माजी विद्यार्थी. अणू कसे बसतील आणि कसे वागतील याचा हिशेब ते संगणकावर मांडतात. २०१५ चा इन्फोसिस पुरस्कार त्यांना मिळाला.

महाराष्ट्रातही काम चालते. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात या पदार्थांपासून वीज देणारी उपकरणे घडवण्याचे काम झाले आहे. पदार्थ चांगला असूनही त्याला जोडलेल्या धातूच्या सांध्यात वीज कशी गळते, यावर तेथील संशोधकांनी २०१६ साली निबंध लिहिला. पवईच्या आय.आय.टी.त या विषयाचे संशोधक आहेत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात रसायनशास्त्राचे प्रा. पी. एन. भोसले यांच्या प्रयोगशाळेने महागड्या यंत्रांवाचून, द्रावणातून या पदार्थांचे पातळ थर बसवण्याच्या पद्धतीवर काम केले. म्हणजे हे शास्त्र केवळ विलायतेत शिकायचे नाही. लोकलने जाता येईल इतक्या अंतरावर ते आहे.

जमाखर्च मांडून पाहू

मी कारकून माणूस. कोणतीही गोष्ट जमेला किती आणि खर्चाला किती, असे मांडल्याशिवाय मला पटत नाही. तेव्हा धुराड्याचाही जमाखर्च मांडू.

समजा, धुराड्याची भिंत २०० अंश तापलेली आहे आणि दुसरी बाजू पाण्याने ३५ अंशांवर ठेवली आहे. निसर्गाच्या नियमाप्रमाणे या दोन तापमानांमध्ये कोणतेही यंत्र, अगदी आदर्श असले तरी, १०० भाग उष्णतेतून फार तर ३५ भाग वीज देऊ शकते. झेडटी १ असलेला पदार्थ यातून कागदावर सुमारे ७ भाग देतो. या तापमानात २.६ चा पदार्थ मिळाला तर तो सुमारे १२ भाग देईल. प्रत्यक्षात सांधे, तारा, थंड करण्याचा खर्च जाता हातात याहूनही कमी पडते. बाकी उष्णता गेली ती गेलीच.

म्हणून आधी स्वस्त उपाय करावेत. पाइपांना नीट लेप द्यावा. धुराड्याच्या उष्णतेने बॉयलरचे पाणी आधी कोमट करून घ्यावे. थर्मोइलेक्ट्रिक चकतीची खरी जागा वेगळी आहे. जिथे तार नेता येत नाही, बॅटरी बदलायला माणूस चढवणे धोक्याचे आहे, अशा तापलेल्या पाइपावर तापमान किंवा गळती मोजणारे छोटे यंत्र ही चकती वर्षानुवर्षे चालवू शकते. अमेरिकेने १९७७ साली सोडलेली दोन्ही व्हॉयेजर याने चाळीस वर्षांहून अधिक काळ अशाच विजेवर संदेश पाठवत राहिली, कारण त्यात झिजणारे, फिरणारे काही नाही. व्हॉयेजरला जे साधले ते उंच शिडीवर चढणाऱ्या आपल्या कामगाराच्या जिवासाठी का साधू नये?

हा जमाखर्च मांडायचे आणखी एक कारण आहे. ‘चुलीच्या उष्णतेवर घर चालवा, वीजबिल विसरा’ अशा थाटाच्या जाहिराती मोबाइलवर फिरत असतात. आमच्या विहारातील एका मावशींनी मला विचारलेच, “भाऊ, हे घेऊ का?” मी त्यांना म्हणालो, “मावशी, चुलीवर चकती बसवली तर मोबाइल चार्ज होईल, छोटा दिवा लागेल. मिक्सर आणि फ्रीज चालतो म्हणेल त्याला आधी चालवून दाखवायला सांगा.” ताईत-गंडे आपण धम्मदीक्षेबरोबर सोडले. विज्ञानाचे नाव घेऊन विकलेला गंडाही गंडाच.

कचरा कोणाच्या दारात?

या शास्त्राचे गुणगान करताना एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. यातले चांगले पदार्थ शिसे, टेल्युरियम, कॅडमियम यांपासून बनतात. टेल्युरियम दुर्मिळ आहे, तर शिसे आणि कॅडमियम विषारी. उद्या या चकत्या लाखांनी तयार होतील. जुन्या झाल्यावर त्या फोडणार कोण? त्यांचे पाणी कोणत्या नाल्यात जाणार? वालधुनीच्या काठी राहणाऱ्यांना हा प्रश्न कळतो. २०१४ साली उल्हासनगरात या नदीत ओतलेल्या रसायनांतून विषारी वायू पसरला आणि वस्तीतील कितीतरी माणसांना रुग्णालयात न्यावे लागले. नदीकाठच्या वस्त्यांत कोण राहते, हे वेगळे सांगायला नको.

शास्त्रज्ञांनाही याची जाणीव आहे. म्हणून शिसे नसलेले पदार्थ, मॅग्नेशियम व सिलिकॉन यांची स्वस्त संयुगे, यांवर पवईसह अनेक ठिकाणी काम चालू आहे. पण कोणत्या पदार्थाला आधी हात घालायचा, हे प्रयोगशाळेत बसलेला माणूस ठरवतो. तेथे बसणाऱ्यांत वालधुनीच्या काठी वाढलेली मुलगी असेल, तर विषाचा विचार तिला पहिल्या दिवशी सुचेल.

बाबासाहेब आणि वीज

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते आणि विजेचे खातेही त्यांच्याकडे होते. ऑक्टोबर १९४३ मध्ये वीजविषयक धोरण समितीपुढे अध्यक्ष म्हणून बोलताना त्यांनी स्वस्त आणि मुबलक विजेचा आग्रह धरला. विजेशिवाय उद्योग नाहीत आणि उद्योगांशिवाय दारिद्र्यातून सुटका नाही, ही त्यांची मांडणी होती. १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. त्याच काळात अस्पृश्य विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी परदेशी पाठवण्याची शिष्यवृत्तीही त्यांनी मिळवून दिली. वीज आणि शिष्यवृत्ती ही दोन्ही कामे एकाच माणसाच्या टेबलावर होती, हा योगायोग नव्हे.

घराघरात काय करता येईल?

दहावीला चांगले गुण मिळवलेली आपली मुले विज्ञान शाखा टाळतात, हे आपण पाहतो. क्लासची फी, इंग्रजीचा धाक आणि “आपल्याला ते जमणार नाही” हा घरातलाच सूर. तेव्हा एक प्रयोग विहारातील रविवारच्या वर्गात करावा. बांधकामाची लोखंडी बाइंडिंग वायर हातभर घ्यावी. तिच्या दोन्ही टोकांना तांब्याच्या तारा घट्ट पिळाव्यात. तांब्याची मोकळी टोके मल्टिमीटरला जोडून तो मिलिव्होल्टवर ठेवावा. एक पीळ उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फाच्या पाण्यात. मीटरवर सुमारे १ मिलिव्होल्ट दिसेल. उकळते पाणी मोठ्यांनीच हाताळावे. सीबेकने २०० वर्षांपूर्वी पाहिले ते आपले लेकरू स्वतःच्या डोळ्यांनी पाहील. त्या दिवशी त्याची भीती निम्मी कमी होईल.

पालकांनी वाटही समजून घ्यावी. बारावी विज्ञान, मग भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्रात बी.एस्सी. त्यानंतर ‘जॅम’ परीक्षा देऊन आय.आय.टी.त एम.एस्सी. पुढे नेट किंवा गेट. पीएच.डी. म्हणजे घरचे पैसे घालून शिकत राहणे नव्हे. संशोधकाला दरमहा विद्यावेतन मिळते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी बार्टीची आणि केंद्र सरकारची फेलोशिप आहे, परदेशासाठी नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आहे. रक्कम वेळेवर मिळावी म्हणून भांडावे लागते, तेथे कार्यकर्त्यांनी विद्यार्थ्यांच्या पाठीशी उभे राहावे. आय.टी.आय.त इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक झालेल्या मुलानेही तेथेच थांबू नये. डिप्लोमा, पदवीची वाट त्यालाही खुली आहे, आणि भट्टीजवळ काम केलेल्या हाताला जे कळते ते नुसत्या पुस्तकाने कळत नाही.

आपल्या वडीलधाऱ्यांनी भट्टीची उष्णता अंगावर घेतली, तेव्हा आपली घरे उभी राहिली. त्या उष्णतेचे शास्त्र आता नातवंडांनी हाती घ्यावे. येत्या जूनमध्ये ज्या घरात मूल अकरावीला जाणार आहे, तेथे विज्ञानाचा अर्ज भरायचा की नाही यावर आई-वडिलांनी आजच बोलून घ्यावे.

जयभीम.